तेच चाक पुन्हा बसलं, तर आधी टायर तपासा

एका राईडमध्ये एक पंक्चर होणं यात नवल नाही. रस्त्यावर काचा असतात, खिळे असतात, काटे असतात. त्यातलं काहीतरी कधीतरी चाकात घुसणारच. पण ट्यूब बदलून निघालात आणि पाच-सात किलोमीटरवर तेच चाक पुन्हा बसलं, तर त्याला योगायोग मानू नका. बहुतेक वेळा पहिल्या पंक्चरचं कारण तसंच आत राहिलेलं असतं. आपण ट्यूब बदललेली असते, कारण काढलेलं नसतं. सोबतची एकुलती एक चांगली ट्यूब अशा घाईत वाया जाते आणि मग डोक्यावर ऊन, पुढचं गाव लांब, अशा वेळी सायकल हातात धरून चालावं लागतं.

म्हणून पंक्चर काढण्याआधी पंक्चर का झालं ते शोधायला शिका. ठिगळ लावणं सोपं आहे, ते गावोगावचा कुठलाही पंक्चरवाला दहा मिनिटांत करून देतो. कारण शोधायला मात्र थोडी शिस्त लागते, आणि ती रस्त्याच्या कडेला, घामाघूम झालेलं असताना पाळावी लागते.

हवा गेल्याचं कळलं की सर्वांत आधी रस्त्यापासून दूर व्हा. हमरस्त्यावर पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे दोन पावलं, एवढ्यावर समाधान मानू नका. पूर्ण बाजूला जा. घाटात असाल तर वळणावर थांबू नका, सरळ तुकडा येईपर्यंत उतरून चालत जा. अंधार असेल तर मागचा दिवा चालू ठेवा आणि काम करताना वाहनांकडे पाठ करू नका.

आता चाक उघडण्याआधी ते सावकाश फिरवून टायर बाहेरून नीट बघा. खिळा किंवा काटा दिसला तर लगेच उपटू नका. तो टायरच्या कोणत्या भागात आहे, व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे, हे आधी बघून ठेवा. इथे एक सवय फार उपयोगी पडते. टायर बसवतानाच त्याच्यावरचा कंपनीच्या नावाचा छापा बरोबर व्हॉल्व्हच्या समोर येईल असा बसवावा. मग ट्यूब बाहेर काढल्यावरही तिच्यावरचं भोक टायरच्या नेमक्या कोणत्या जागी येत होतं ते जुळवता येतं. हा छापा समोर नसेल तर व्हॉल्व्हजवळ टायरवर पेनानं खूण करा. टायरची एकच कड रिमबाहेर काढा, दुसरी तशीच राहू द्या, आणि ट्यूब काढताना तिची कोणती बाजू चेनकडे होती ते लक्षात ठेवा. ट्यूब ओढून काढून गवतावर फेकली की अर्धा पुरावा तिथेच संपला.

ट्यूबमध्ये हवा भरा. ती चांगली फुगली पाहिजे, नाहीतर बारीक भोक सापडत नाही. मग ती गालाजवळून, ओठांजवळून सावकाश फिरवा. कानाला ऐकू येत नाही ते ओठांना जाणवतं. संशय आला तिथे बाटलीतलं थोडं पाणी लावून बुडबुडा येतो का ते पाहा. आणि एक भोक सापडलं म्हणून थांबू नका, ट्यूबची पूर्ण फेरी करा. दुसरं भोक राहून जाणं हे वारंवार हवा जाण्याचं अगदी साधं कारण आहे आणि पहिलं सापडल्याच्या आनंदात ते हमखास निसटतं.

भोक कुठे आहे आणि कसं आहे, यावरून पुढचा सगळा तपास ठरतो.

ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला एकच बारीक भोक असेल, तर काहीतरी टायरमधून आत आलं आहे आणि बहुधा अजून तिथेच आहे. आपल्याकडच्या हमरस्त्यांवर यातला सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे तार. ट्रकच्या रेडियल टायरमध्ये पोलादी तारांचं जाळं असतं. तो टायर फुटला की त्याच्या चिंध्या रस्त्याभर पडतात. रबर उन्हापावसात विरतं आणि केसासारख्या बारीक तारा मोकळ्या होऊन कडेच्या पट्ट्यात साचतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलींना परवानगीच नाही, पण जुना मुंबई-पुणे रस्ता, पुणे-सातारा, मुंबई-नाशिक अशा ट्रकांच्या वर्दळीच्या रस्त्यांवर लांब पल्ल्याची राईड केलेल्या कुणालाही या तारा ठाऊक असतात. ही तार टायरमध्ये रुतली की बाहेरून दिसत नाही. आतून हात फिरवला तरी पुष्कळदा लागत नाही, कारण हवा नसताना ती रबरात मागे सरकलेली असते. तुमचं वजन आलं की तिचं टोक वर येतं, ट्यूबला टोचतं आणि हवा हळूहळू जाऊ लागते. त्यामुळे दर वेळी वाटतं की आता काहीच नाही, आणि दर वेळी वीस-पंचवीस मिनिटांनी मागचं चाक मऊ लागतं.

ती शोधायची तर भोकाच्या समोरचा टायरचा भाग हातात घ्या आणि उलटा वाकवा, म्हणजे आतली बाजू बाहेर फुगेल आणि बारीक चिरा उघडतील. बोट सरळ फिरवू नका, काच असली तर कापेल. रुमालाचं टोक किंवा कापसाचा बोळा आतून दोन्ही दिशांनी फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे टोक आहे. तार आतल्या बाजूनं पकडता आली तर चिमट्यानं ओढा, नाहीतर सेफ्टी पिननं आतून बाहेर ढकला आणि बाहेरून ओढून घ्या. नखांनी हे जमत नाही. म्हणून भुवया कोरायचा छोटा चिमटा सायकलच्या पिशवीत कायम असू द्या, मी तर त्याला पंपाइतकंच महत्त्व देईन. जुळवून काढलेल्या जागी काही सापडलं नाही तरी पूर्ण टायरवरून एकदा कापड फिरवा. आणि मग ट्यूब उलटी धरून व्हॉल्व्हच्या दुसऱ्या बाजूलाही तितक्याच अंतरावर बघा. ट्यूब काढताना दिशा उलटसुलट झालेली असू शकते.

गावाकडच्या रस्त्यांवर तारांपेक्षा काटे जास्त. सोलापूर, बीड, अहिल्यानगर या भागांत शेताच्या बांधावर बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घालतात आणि त्या फांद्या ओढत नेताना काटे रस्त्यावर गळतात. रस्त्याकडेला माजलेली वेडी बाभूळही असतेच. बाभळीचा वाळलेला काटा टायरमध्ये शिरतो, बाहेरचा भाग मोडून पडतो आणि टोक आत राहतं. रबर त्याच्यावर मिटतं, त्यामुळे बाहेरून जागा कळत नाही. उपाय तोच, वाकवून बघणं आणि आतून ढकलणं.

सराट्यांची गोष्ट वेगळी. पावसाळा संपून माळरान वाळू लागलं की सराटे, म्हणजे गोखरूची फळं, सुटी होतात आणि त्यांचे काटे कसेही पडले तरी वर तोंड करून राहतात. एकदा चाक त्यांच्यावरून गेलं की एकाच ट्यूबला चार-पाच भोकं होतात. हे सराटे सहसा डांबरावर नसतात. आपण पाणी प्यायला थांबतो, सायकल गवतातून ढकलत झाडाखाली नेतो, तिथे ते चिकटतात. झाडाखाली जायचं असेल तर सायकल उचलून न्या. एवढ्या एका सवयीनं माळावरची बरीच पंक्चरं टळतात.

ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या, सापानं दंश केल्यासारख्या, तर कुणी काही टोचलेलं नाही. हवा कमी होती, चाक खड्ड्याच्या कडेवर किंवा गतिरोधकावर आदळलं आणि रिम व टायर यांच्यामध्ये ट्यूब चिमटली गेली. राईडमध्ये दुसरं पंक्चर अशा प्रकारचं असतं तेव्हा त्याची जबाबदारी पहिल्या दुरुस्तीवर असते. हातपंपानं शंभर-दीडशे वेळा हवा मारल्यावर हात भरून येतात, अंगठ्यानं दाबलं की टायर कडक लागतो आणि आपण निघतो. अंगठ्याचा अंदाज इथे फसवतो. पातळ टायर निम्म्या हवेतही अंगठ्याला कडक वाटतो. त्यामुळे छोटा का होईना, दाब दाखवणारा काटा असलेला पंप घ्या, किंवा पुढच्या पेट्रोल पंपावर अथवा दुकानात हवा पूर्ण करेपर्यंत खड्डे सांभाळून, सीटवरून थोडं उठून चालवा.

हवा किती असावी ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं, ते वाचा. ढोबळमानानं 25 ते 28 मिलिमीटरच्या रोड टायरला 80 ते 100 पीएसआय, 35 ते 40 मिलिमीटरच्या हायब्रिडला 50 ते 70, आणि दोन इंची एमटीबी टायरला 30 ते 45. वजन जास्त असेल, मागे सामान असेल, तर यातला वरचा आकडा धरा. मागच्या चाकावर जास्त भार येतो, म्हणून तिथे पुढच्यापेक्षा चार-पाच पीएसआय जास्त ठेवावी. छापलेल्या कमाल आकड्याच्या पुढे मात्र जाऊ नका.

भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, रिमच्या बाजूला निघालं, तर टायर कितीही तपासला तरी काही सापडणार नाही. दोष रिममध्ये आहे. रिमच्या आतली पट्टी सरकून स्पोकची छिद्रं उघडी पडली आहेत का ते पाहा. जास्त हवेच्या दाबानं ट्यूब त्या छिद्रात फुगते आणि काठावर कापली जाते. चाकाचा आउट काढताना नवा स्पोक टाकला असेल तर त्याचं टोक वर आलेलं असू शकतं. अशा वेळी नवी ट्यूब टाकणं म्हणजे नवी ट्यूब फुकट घालवणं. पट्टी सरळ करा, फाटली असेल तर इलेक्ट्रिशियनची चिकटपट्टी दोन वेढे गुंडाळा, आणि घरी आल्यावर रिमच्या रुंदीची चांगली कापडी पट्टी बसवा. ही पट्टी स्वस्त मिळते आणि कित्येक वर्षं टिकते, तरी तिच्याकडे लक्ष देणारे सायकलस्वार थोडेच.

व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटली असेल तर ठिगळ तिथे बसत नाही; ती ट्यूब बादच. हे बहुधा आपल्याच पंप मारण्यानं होतं. हातपंप जोरजोरानं हलत राहिला की व्हॉल्व्ह मागेपुढे होतो आणि मुळाशी चिरतो. पंपाचं तोंड आणि रिम एकाच मुठीत घट्ट धरा, हलू देऊ नका.

आणि कधी कधी पंक्चर झालेलंच नसतं. साध्या देशी सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची बारीक नळी असते, वॉल ट्यूब. ती उन्हानं आणि वयानं चिरते आणि हवा तिथून जाते. रोज संध्याकाळी हवा भरावी आणि सकाळी चाक बसलेलं दिसावं, असं चालू असेल तर ट्यूबला हात लावण्याआधी ही नळी बदला. कोणत्याही सायकलच्या व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकीचा थेंब लावून बघा. बुडबुडा आला की शोध संपला. मोटारसारखा व्हॉल्व्ह असेल तर आतली सुई सैल झालेली असते, ती आवळली की काम होतं.

ठिगळातूनच हवा जात असेल तर ते घाईत लावलेलं असतं. ट्यूबवर साच्याची उंच रेघ असते, ती पॉलिश पेपरनं पूर्ण सपाट करा, नाहीतर तिच्या कडेनं हवा वाट काढते. ठिगळाच्या आकारापेक्षा मोठ्या जागेवर सोल्युशन पातळ पसरवा आणि थांबा. ओलं असताना ठिगळ लावायचं नाही. चकाकी जाऊन बोटाला जेमतेम चिकटेल इतकं सुकू द्यायचं, पाच मिनिटं तरी. मग ठिगळ लावून मधून बाहेरच्या दिशेनं दाबत जा. लावल्यावर ट्यूब बाहेर फुगवून परीक्षा घेऊ नका, ठिगळ ताणलं जाऊन उचलतं. टायरमध्ये घालूनच हवा भरा. सोल्युशनची नळी एकदा उघडली की काही महिन्यांत आत सुकून जाते, तेव्हा निघण्यापूर्वी ती दाबून बघा. सोल्युशन न लागणारी तयार चिकटणारी ठिगळं मिळतात. ती घरी पोहोचण्यापुरती समजा.

टायर चढवताना होणारं पंक्चर सगळ्यात जास्त जिव्हारी लागतं, कारण ते पूर्ण टाळता येण्यासारखं आहे. ट्यूबमध्ये आकार येईल इतकी थोडी हवा भरून ती आत बसवा. टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं चढवायला सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवा, आणि चढवलेली कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत राहा. त्यानं शेवटचा घट्ट भाग सैल होतो आणि तळहातानं ढकलता येतो. लिव्हर घालून चढवलात तर ट्यूब चिमटून दोन भोकं पडण्याची भीती असते. हवा भरण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी टायर दाबत पूर्ण फेरी मारा. कडेखाली ट्यूब कुठे डोकावत असेल तर ती आत सरकवा. व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून परत ओढा. या कामाला दोन मिनिटं लागतात.

टायरलाच मोठी चीर गेली असेल, तर ट्यूब तिथून फुगा काढते आणि फुटते. यासाठी जुन्या टायरचा दोन-तीन इंची, कडा तासलेला तुकडा सोबत असावा. तो चिरेच्या आतून ठेवला, हवा थोडी कमी भरली, की घरी पोहोचता येतं. ज्या टायरमधून धागे दिसतात, ज्याचा मधला भाग झिजून सपाट झाला आहे, त्याच्यात ठिगळांवर ठिगळं लावत बसू नका, बदला. मागचा टायर लवकर झिजतो आणि पंक्चरंही मागेच जास्त होतात. पुढचं चाक आडवी पडलेली वस्तू उभी करतं, मागचं चाक तिच्यावरून जातं. पण नवा टायर घेतलात तर तो पुढे घाला आणि पुढचा बरा टायर मागे. पुढचं चाक वेगात फुटलं तर सायकल सावरता येत नाही.

दोन वेळा स्वतः करूनही हवा टिकत नसेल, तर जवळचं पंक्चरचं दुकान गाठा. तिथे पाण्याचं घमेलं असतं आणि पाण्यात सुईच्या टोकाएवढं भोकही लपत नाही. सोबतच्या सगळ्या ट्यूब तपासून घ्या आणि टायरही आतून बघायला सांगा. पंक्चरवाल्यांच्या बोटांना तार आपल्यापेक्षा आधी सापडते. एक अडचण तिथे येते. त्यांचा कॉम्प्रेसर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचा असतो आणि रोड बाईकचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह त्याला बसत नाही. त्यासाठी पितळी अ‍ॅडाप्टर मिळतो, नखाएवढा, तो व्हॉल्व्हवरच लावून ठेवला तरी चालेल. कॉम्प्रेसरची हवा सायकलच्या ट्यूबला फार झटकन भरते, म्हणून थोडी थोडी भरायला सांगा.

बीआरएमसारख्या लांब पल्ल्याच्या राईड करणाऱ्यांनी तर हे सगळं घरी पाठ केलेलं असावं. 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, 300 ला 20. आणि ठरलेल्या कंट्रोलच्या, म्हणजे तपासणीच्या थांब्यांच्या, अधेमधे बाहेरची मदत घ्यायची नसते. तिथे तारेचा तपास न करता बदललेल्या दोन ट्यूब म्हणजे तास-दीड तास गेला.

सोबत काय असावं? दोन ट्यूब, ठिगळं, न सुकलेलं सोल्युशन, पॉलिश पेपर, दोन प्लॅस्टिकचे लिव्हर, पंप, चिमटा, सेफ्टी पिन, टायरचा तुकडा, अ‍ॅडाप्टर, आणि चाकाला नट असतील तर 15 नंबरचा पाना. ट्यूब जुन्या मोज्यात घालून ठेवा. पिशवीत पान्यावर घासून घासून नव्या ट्यूबलाही भोक पडतं आणि ते कळतं नेमकं रस्त्यावर.

टायरच्या आत बसवायच्या पट्ट्या, सीलंट, ट्यूबलेस अशी साधनं आता सहज मिळतात. काटेरी भागात रोज सायकल चालवणाऱ्याला ट्यूबलेसचा खरा फायदा होतो, पण सीलंट दोन-चार महिन्यांत सुकतो, आपल्या उन्हाळ्यात त्याहून लवकर, आणि तो पुन्हा भरावा लागतो. आतल्या पट्टीची कड ट्यूबला घासून पंक्चर झाल्याचीही उदाहरणं आहेत. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील, तर माझं मत काटारोधक थर असलेला चांगला टायर घ्यावा असं आहे.

पावसाळ्यात काळजी दुप्पट घ्या. पाणी सगळा कचरा वाहून कडेला आणतं आणि ओल्या रबरात काच सहज शिरते. पांढऱ्या पट्टीच्या बाहेरच्या कचऱ्यातून चालवण्यापेक्षा, वाहतूक पाहून, पट्टीच्या जवळच राहा. पाणी साचलेल्या डबक्यातून सायकल नेऊ नका. अर्ध्या राईडला थांबाल तेव्हा दोन्ही टायरांवरून नजर फिरवा आणि अडकलेली काच आत शिरण्याआधी काढा.

आणि टायरमधून काढलेली तार किंवा काटा तिथेच टाकून निघू नका. कागदात गुंडाळून खिशात ठेवा. मागून शाळेतून घरी निघालेली मुलंही त्याच कडेनं सायकली चालवत येत असतात.